फाटक बंद, आभारी आहोत!

मला दोन सासरे आहेत आणि त्या वेळी ते एकमेकांशी बोलत नव्हते.

एक खरे सासरे, आप्पा. दुसरे त्यांचे धाकटे भाऊ, तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे. चाकणच्या अलीकडे डोंगराच्या पोटाशी दोघांची शेतं शेजारी शेजारी, आणि दोन्ही शेतांत जायला वाट एकच. त्या वाटेवर एक लोखंडी फाटक. ते कुणीतरी उघडं टाकलं, मोकाट जनावरं आत शिरली आणि आप्पांची अख्खी मेथी फस्त झाली. आप्पा म्हणाले, तात्यानं उघडं टाकलं. तात्या म्हणाले, आप्पानंच टाकलं. झालं! तेव्हापासून दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद. अगदीच निरोप द्यायची वेळ आली तर आप्पा बांधावर उभे राहून बैलाला मोठ्यानं सांगायचे, "म्हणावं, उद्या लाइट सकाळची हाय!" पलीकडून तात्या स्वतःच्या विळ्याला म्हणायचे, "ऐकलंय म्हणावं!"

तसं हे चालूनही गेलं असतं. पण माझ्या नणंदेचा, पूजाचा, साखरपुडा ठरला आणि आप्पांनी जाहीर केलं, "ज्याला फाटक लावता येत न्हाई, त्यानं माझ्या दारात यायचं न्हाई." सासूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. पूजा म्हणाली, तात्या नसतील तर मला अंगठीच नको.

आणि इथे मी मधे पडले. (मला कुणी बोलावलं नव्हतं, हे सुरुवातीलाच कबूल करते.)

मी तळवड्याच्या आयटी पार्कात प्रोग्रॅम लिहिते. त्या सुमारास मी नवीनच काहीतरी शिकले होते आणि ते कुणावर तरी करून बघायला हात शिवशिवत होते. शेतात मोबाइलला रेंज नाही, पण रेडिओच्या छोट्या डब्या मिळतात. सिम नको, इंटरनेट नको, एक डबी दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला. एक डबी फाटकावर, एक गोठ्याच्या पत्र्यावर, एक गावातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, जिथे वायफाय आहे. फाटक बंद झालं की निरोप घरी, आणि घरातून थेट ब्लॉकचेनवरच्या माझ्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला! म्हणजे एक करारच, फक्त कागदावर नाही, कंप्युटरवर. अट पुरी झाली की ज्यानं फाटक लावलं त्याच्या मोबाइलमधल्या पाकिटात थोडीशी डिजिटल नाणी आपोआप जमा. लावणारा कोण, हे कळायला दोघांना एकेक प्लॅस्टिकची चकती दिली. ती खिशात ठेवायची, फाटकावरची डबी तिला ओळखते.

"दंड का नाही ठेवलास?" महेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं.

"दंड ठेवला तर दोघं मिळून फाटक उपटतील."

"मग बरंच की! मिळून तरी काही करतील!"

मी दुर्लक्ष केलं. आप्पांना समजावलं, "आप्पा, फाटक लावलं की पैसे."

"कोण देणार?"

"करार देणार. मधे माणूसच नाही. एकदा सुरू केला की मलासुद्धा बदलता येणार नाही!" हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

तात्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, "ओव्हरटाइमला डबल का?"

कराराच्या पाकिटात पैसे माझेच घातले होते, दोन दारांच्या फ्रिजसाठी साठवलेले. एका वेळचं बक्षीस म्हणजे चहाचा एक घोट, असा माझा हिशेब होता. लिहिताना दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि घोटाचा अख्खा कप झाला. बिस्किटांसकट! ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण कौतुकाच्या भरात मी काही तपासलंच नाही.

सुरुवात झकास झाली. फाटक लागलं की माझ्या मोबाइलवर टिंग वाजायचं आणि संदेश यायचा, 'फाटक बंद. आभारी आहोत!' (मजकूर माझाच.) दिवसातून चार-सहा वेळा टिंग. मग दहा-बारा. मग मोजायचं मी सोडून दिलं. ऑफिसात मैत्रिणीला आलेख दाखवला, "बघ, वापर कसा वाढतोय!"

वापर कसा वाढतोय ते सासूबाईंकडून कळलं. "अगं, दोघं दिवसभर फाटकापाशीच असत्यात. ह्यांनी लावायचं, तात्याभावजींनी उघडायचं. मग त्यांनी लावायचं, ह्यांनी उघडायचं. तोंडातून शब्द न्हाई!"

"पण एकत्र असतात ना?" मी म्हटलं.

"व्हय, एकत्र असत्यात. खुरपणी कोण करणार, माझा बाप?"

मी तेही यशातच धरलं.

त्यानंतर तो शुक्रवार आला. साखरपुडा रविवारी. मी मीटिंगमध्ये, मोबाइल टेबलावर. टिंग. टिंग. टिंग टिंग टिंग! थांबेचना. मोबाइल थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. मॅनेजर म्हणाले, "सगळं ठीक आहे ना?"

"हो सर. घरचं फाटक आहे."

"काय झालं फाटकाला?"

"लागतंय, सर."

बाहेर येऊन बघते तर फ्रिजचं वरचं दार गेलेलं! आता मात्र बक्षिसाचा आकडा नीट वाचला आणि सरकलेलं दशांशचिन्ह दिसलं. करार थांबवावा तर थांबत नाही. आप्पांना फोन लावावा तर शेतात रेंज नाही. रेंज नाही म्हणूनच तर डब्या बसवल्या होत्या! पैसे तिथून सुरळीत निघत होते, 'थांबा' म्हणायची सोय मात्र कुठेच नव्हती.

घरी सासूबाईंना फोन लावला. "आई, गच्चीवरची पांढरी डबी बंद करा! लवकर!"

"तिला बटनच न्हाई गं."

खरंच नव्हतं. आत बॅटरी होती. लाइट गेली तरी सेवा खंडित होऊ नये, म्हणून मीच घातलेली!

"मग वायफायचं बटन बंद करा. टीव्हीमागचं!"

टिंग थांबलं. मी सासूबाईंना मनातल्या मनात दंडवत घातलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटर काढली. चाकणच्या रस्त्यावर कंटेनरांची ही रांग! दोन कंटेनरांच्या मधे उभी असताना जरा शांत वाटत होतं. एवढ्यात टिंग टिंग टिंग टिंग टिंग... फटाक्यांची माळच लागली!

"आई, चालू केलंत?"

"अगं, माझी मालिका अडकली ना मधीच!"

एवढा वेळ त्या शहाण्या डबीनं एकेक निरोप जपून ठेवला होता, एकही न गाळता. वायफाय आल्याबरोबर सगळे ओतले. शेजारचा ट्रकवाला खिडकीतून वाकून म्हणाला, "ताई, वाढदिवस आहे का?"

शेतात पोचले तेव्हा डोक्यात नाही नाही ते विचार. हॅकर घुसला? चोर? बघते तर फाटकाला तात्यांची म्हैस, गंगी, मान घासत होती. डोळे मिटून, अगदी समाधी लावून. घासली की फाटक उघडायचं, खांबावर आपटून परत लागायचं. ठण्ण! तिच्या गळ्यात घंटा, आणि घंटेशेजारी दोरीला माझ्या दोन्ही चकत्या!

आणि समोर आंब्याखाली माझे दोन्ही सासरे एकाच गोणपाटावर बसून शेंगा खात होते.

"आप्पा! हे काय?"

"हळू! दचकल ती."

"चकत्या हिच्या गळ्यात कुणी बांधल्या?"

तात्या म्हणाले, "माझी खिशातून पडायची, म्हणून गंगीच्या गळ्यात अडकवली. तर ही बया घासून घासून कमवाया लागली. आप्पा बघत हुता. म्हणला..."

"मीच म्हणलो," आप्पा म्हणाले, "तात्या, माझीबी बांध. पेंड निम्मी माझी."

दोन वर्षांनंतर भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य! मला गहिवरून यायला हवं होतं. पण तेवढ्यात हातातल्या मोबाइलकडे लक्ष गेलं. ठण्णला आता टिंगची जोड नव्हती, रेंज जाण्याआधी रस्त्यात आलेला फक्त एक संदेश होता, कराराचं पाकीट रिकामं झाल्याचा. फ्रिजचं खालचं दारही गेलं.

"संपले पैसे," मी गोणपाटावर बसकण मारत म्हटलं.

तात्यांनी शेंग सोलता सोलता विचारलं, "म्हंजी कंपनी बंद?"

"हो, तात्या."

"नोटीस न देता?"

यावर आप्पा असे हसले की त्यांना ठसका लागला. तात्या त्यांची पाठ चोळत राहिले. ठसका थांबला तसे आप्पा तोंड पुसत म्हणाले, "रविवारी पाव्हणं येणार हायत. सकाळी लवकर ये. मंडपाचं तू बघ, मला न्हाई जमत ते."

"येतो की," तात्या म्हणाले.

एवढंच. इतक्या दिवसांचं भांडण तेवढ्यात मिटलं, आणि गंगी अजून फुकटात मान घासत होती.

दोघांच्या पाकिटांतली नाणी मोडायला मीच मदत केली. मला परत द्यायचा विषय निघाला, नाही असं नाही, पण तात्या म्हणाले, "पोरी, केलेल्या कामाची मजुरी कोण परत मागतं का?" ते पैसे दोघांनी मिळून साखरपुड्याच्या जेवणाला लावले. तात्या स्वतः पंगतीत वाढत होते, "घ्या पाव्हणं, आणखी एक जिलेबी घ्या. गंगीकडून हाय!" पूजा दोघांच्या मधे बसून फोटो काढत होती. मलाही वाटलं, जाऊ दे फ्रिज, जुना काही वाईट नाही.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचे वडील माझ्याकडे बघून आप्पांना म्हणाले, "सूनबाई नोकरी करतात म्हणे?"

"करती की!" आप्पांची छाती अभिमानानं फुगली. "कंप्युटरमधी हाय. आमच्या म्हशीच्या हाताखाली!"