होटगीच्या जागेचं न्यासपत्र

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. सोलापूरजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपतच होती, तेवढ्यात एक रिक्षावाला दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, सिस्टरबाईंच्या होटगीच्या जागेवर मंगल कार्यालयाचा पाया खणाय लागलेत की. बाईंनी तर ती बाळंतिणींसाठी दिलती."

सिस्टरबाई म्हणजे जुळे सोलापूर या भागात एकट्या राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. मोतीबिंदूमुळे दृष्टी अधू. खेड्यांतून शहरातल्या दवाखान्यात येणाऱ्या गरीब बाळंतिणींना बाळंतपणाच्या आधी-नंतर चार दिवस उतरायला खोल्या असाव्यात, म्हणून त्यांनी होटगी स्टेशनजवळची जागा ओळखीच्या एका गृहस्थाच्या न्यासाला दिली होती.

गृहस्थाला बोलावलं. तो निर्धास्त आला. नोंदवलेलं न्यासपत्र पुढे ठेवलं, सही बाईंचीच.

"ट्रस्ट कायदेशीर आहे, साहेब. त्यांना अक्षरन् अक्षर वाचून दाखवलंय."

प्रकरण दिवाणी ठरवून मोकळं व्हावं असं मला वाटलं होतं, हे कबूल करतो. तरी जागेवरच्या फलकावरचा नोंदणी क्रमांक उतरवून घेतला आणि न्यासपत्र घेऊन धर्मादाय कार्यालयात गेलो. तिथल्या एका ज्येष्ठ लिपिकांनी स्वतःचं जेवण बाजूला ठेवून सगळं वाचलं.

"नुसतं ट्रस्ट म्हणून धर्मादाय होत नाही, साहेब. हेतू लोकांच्या भल्याचा लागतो, लाभ सर्वसामान्यांना लागतो. इथं लाभार्थी कोण? 'विश्वस्त व त्यांचे वारस', म्हणजे हा गृहस्थच. आणि हा क्रमांक दुसऱ्याच संस्थेचा आहे."

दुसऱ्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवलं. बाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाचून दाखवलं होतं?"

"'जातपात न पाहता कोणत्याही गरजू बाळंतिणीसाठी.' मी ते दोनदा वाचायला लावलं होतं."

मी न्यासपत्र गृहस्थापुढे सरकवलं. "एवढं वाक्य काढून दाखवा."

खोटं बोलणाऱ्याची जीभ सहसा अडत नाही, पण हाताला काम दिलं की तो अडकतो. गृहस्थ पानं उलटत राहिला. शेवटी पुटपुटला, "वाचला तो मसुदा वेगळा होता."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. म्हणून न्यासपत्र जिथे टाइप झालं होतं त्या दुकानातला संगणक पंचांसमक्ष जप्त केला. दोन्ही मसुदे त्यात निघाले. दोषारोपपत्र गेलं, आणि पुढे दिवाणी न्यायालयाने ते न्यासपत्र रद्द केलं.

नव्या न्यासपत्राला बाईंनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. वकिलांनी विचारलं, "लाभार्थींमध्ये कुणाची नावं घालायची आहेत का?"

बाई म्हणाल्या, "नाव कुणाचंच नको. मी जिला ओळखत नाही, तिच्यासाठी आहे ते."

सही खरी असली तरी व्यवहार खोटा असू शकतो, हे मी या प्रकरणात शिकलो. तपास माझ्या नावावर लागला. खरं तर तो त्या रिक्षावाल्याचा, त्या लिपिकांचा आणि बाईंच्या स्मरणशक्तीचा. होटगीला गेलो की त्या जागेवर उभ्या राहिलेल्या खोल्यांपुढे दोरीवर वाळणारी दुपटी दिसतात. दर वेळी मनातल्या मनात तिघांचे आभार मानतो.