खाऱ्या हवेतल्या बिबड्या

त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या गल्लीत एकदा ते कळलं की पुढच्या उन्हाळ्यात दोन गाड्या भरून माणसं तिथे उतरतील आणि मला पुन्हा दुसरं गाव शोधत बसावं लागेल. एवढंच सांगते की जळगावहून सुरतेच्या लाइनने जायचं, मग गाडी बदलून समुद्राच्या कडेकडेने थोडं खाली यायचं. चिकूच्या वाड्या आहेत, सुरूची झाडं आहेत, आणि अंधार पडला की दुकानं बंद होतात.

शाळेत आम्हाला 'अ व्हिजिट टू द सीशोर' हा निबंध पाठ करायला दिला होता. वर्गातल्या कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता, बहुतेक टीचरनेही नाही. पुढे नोकरी लागल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर खरा समुद्र बघायला गेले, तर किनाऱ्यावर उंट, घोडागाडी आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर. त्यानंतरच्या वर्षी दुसरा किनारा शोधला. तिथे पाण्यात उभी होते तोच मागून हाक आली, "अगं, तू आमच्या मागच्या गल्लीतली ना? कुणासोबत आलीस?" मी घरी पोचायच्या आधी माझ्या ओल्या सलवारीची बातमी पोचली होती.

मला काय हवं होतं ते घरात कुणाला समजावता येत नव्हतं. आमच्या घराचं दार दिवसभर उघडं असतं. येणारी प्रत्येक बाई मला बघून मम्मीला विचारते, ही अजून बोलत नाही का गं फारशी. वर्षातून एक आठवडा असा हवा होता की मला कुणी काही विचारणार नाही. ते गाव मला अचानकच सापडलं. ऑफिसच्या ट्रेनिंगला त्या बाजूला गेले होते, रविवार मोकळा होता, पॅसेंजरमध्ये बसले आणि एका रिकाम्या स्टेशनवर उतरले. दुपारभर सुरूच्या सावलीत बसले. एक कुत्रा येऊन वास घेऊन गेला, बाकी कुणी नाही.

पप्पांना वर्षभर हळूहळू पटवलं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. एकटीने जायचं नाही, मम्मीला घेऊन जायचं. तिला आवडलं तर दरवर्षी जा, नाही आवडलं तर विषय संपला. म्हणजे माझा समुद्र आता मम्मीच्या आवडीवर टांगलेला होता. आणि मम्मीला रिकामं बसणं आवडत नाही.

त्यातून तो बिबड्यांचा हंगाम, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागचा. आमच्याकडे उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाळीपाळीने बिबड्या घालतात. ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवायचा, ओल्या हाताने पातळ थापायचा आणि गच्चीवर कापडावर वाळत टाकायचा. जी दुसरीकडे जात नाही तिच्याकडे कुणी येत नाही. पाळ्या समोरच्या अक्का लावतात, आणि मम्मीची पाळी नेमकी आमच्या आठवड्यात आली होती. मम्मीने ना पाळी बदलून मागितली, ना प्रवास रद्द केला. तिने पीठ डब्यात भरलं, तीळ, जिरं, मिरची, शेंगदाण्याचं तेल, धुतलेली जुनी धोतरं, सगळं बांधलं. मी म्हटलं, तिथे कशाला हे? ती म्हणाली, "ऊन तर तिथेही आहेच ना?"

आम्ही उतरलो त्या घराची मालकीण साधारण मम्मीच्याच वयाची. खालच्या मजल्यावर ती, तिचा मुलगा आणि सून, वर आमची खोली आणि समोर गच्ची. मम्मीने समुद्राकडे एकदा पाहिलं, गच्चीकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मालकिणीच्या चुलीवर घाटा रटरटत होता आणि मी आठवड्याच्या शांततेचा पहिला तास तीळ निवडण्यात घालवला.

ऊन कडक होतं. मला वाटलं, दुपारपर्यंत वाळतील, मग ही मोकळी. जळगावला सकाळी घातलेली बिबडी संध्याकाळी कडकडीत होऊन कापडावरून आपोआप सुटते. इथे संध्याकाळी ती ओल्या रुमालासारखी पडून होती. मम्मीने उलटवली. सकाळी पुन्हा उलटवली. मी पुस्तक घेऊन सुरूखाली जायची आणि वाचायच्या ऐवजी गच्चीकडे बघत राहायची. ती वर होती. चहा घेऊन पुन्हा वर. एकदा भरती-ओहोटी दाखवायला तिला किनाऱ्यावर आणलं, तर पाणी खूप आत गेलेलं होतं. तिने विचारलं, पाणी कुठे गेलं? मी सांगायला लागले तोवर ती आभाळाकडे बघत होती, ढग आहेत का म्हणून.

तिसऱ्या दिवशी बिबड्यांना आंबट वास यायला लागला. समोरच्या अंगणात बांबूवर बोंबील टांगलेले होते, ते मात्र छान सुकत चालले होते. मम्मी शिंदखेड्याकडची. जीव वैतागला की ती अहिराणीत शिरते. फोनवर मावशीला म्हणाली, "आठे बठ्ठं वल्लं शे." इथे सगळं ओलंच आहे. मग फोन ठेवून मला म्हणाली, "त्यांचे मासे वाळतात आणि माझ्या बिबड्या वाळत नाहीत."

मला हसू आलं, आणि लगेच थांबलं. हे वाक्य ती पप्पांना सांगेल, आणि मग झालंच.

मालकीण वर आली, एक बिबडी बोटाने दाबून बघितली आणि म्हणाली, "ताई, आमच्या चादरीसुद्धा दोन दिवस ओल धरून बसतात. तुमचं हे वाळायला दिवाळी यायची." मम्मीला राग येईल असं मला वाटलं. तिने बिघडलेल्या बिबड्या बाजूला केल्या, डब्यात उरलेल्या पिठाचा पुन्हा घाटा शिजवला आणि तो गरमागरम, वर शेंगदाण्याचं तेल ओतून सगळ्यांना वाढला. मालकिणीच्या सुनेने तिखट लागून डोळे पुसले आणि पुन्हा मागितला. मम्मी खूश होऊन सांगत होती की लहानपणी आम्ही वाळवायच्या आधी निम्मा असाच संपवायचो.

पीठ संपलं. आता तिला काहीच काम नव्हतं, आणि त्याची मला जास्त भीती वाटत होती. ती खोलीत फेऱ्या मारायची. माझ्या ओढण्यांच्या घड्या घातल्या, त्या मोडून पुन्हा घातल्या. जेवायला काय करायचं ते इथे कुणी मला विचारतच नाही, असं म्हणाली. ती तक्रार होती की काय, मला ओळखता आलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

निघायच्या आदल्या सकाळी मला जाग आली तेव्हा तिची गादी रिकामी होती. गच्चीवरून पाहिलं तर ती एकटीच किनाऱ्याने चालली होती. साडी वर खोचलेली, चपला हातात. बरीच लांब गेली, आता वळेल असं वाटलं तरी वळली नाही. खोली शांत होती, मला हवी होती तशी. पण मी कठड्याला धरून तिच्याकडे बघत उभी राहिले. परत आल्यावर तिने नळाखाली पाय धुतले आणि चहा मागितला. कशी होती हवा, मी विचारलं. ओली, ती म्हणाली.

घरी पप्पांनीही तेच विचारलं. ती म्हणाली, तिथे बिबड्या होत नाहीत. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅग उचलून आत गेले आणि तिच्यातली वाळू बाथरूममध्ये झटकत राहिले.

दोन दिवसांनी समोरच्या अक्का आल्या. मम्मीने पाळी चुकवली म्हणून त्यांनी टोमणा मारायचं ठरवलेलंच होतं. "समुद्रावर थापल्या म्हणे तुम्ही. आणल्या असतील आमच्यासाठी पोतंभर?"

मी आतल्या खोलीत होते. मम्मी भाजी चिरत होती, ते थांबलं.

"नाही अक्का, तिथे वाळत नाहीत," ती म्हणाली. "पुढच्या साली आमची पाळी आखाजीच्या आधी लावा. नंतर आम्ही दोघी नसतो."