चार वेळा उभे राहिलेले तात्या

तात्या गेल्याचं मला एसटीत कळलं. मी डोळे दाखवायला बेंबळीहून धाराशिवला निघाले होते. पुढच्या सीटवर दोघं बोलत होते. "माजी खासदार वारले म्हणं सकाळी." "कोणते?" "होते की जुने... कानेगावकर." "हां," असं म्हणून दुसऱ्यानं विषय सोडला आणि गाडी सोयाबीनच्या भावावर गेली. मी समोरची दांडी घट्ट धरून बसून राहिले. डॉक्टरांकडं त्या दिवशी जाणं झालंच नाही. स्टँडवर उतरले ती थेट तात्यांच्या घरी गेले. पुढाऱ्याच्या दारात असतात तशा मोटारी तिथं नव्हत्या. शेजारपाजारची माणसं होती, कोर्टातले दोन-तीन म्हातारे वकील होते. तात्यांची मुलगी सुनंदा माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाई, आज आत्या असायला पाहिजे होत्या..." आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या, गंगूबाई. तिला जाऊनही बरीच वर्षं झाली. पण तिला वगळून तात्यांची आठवण मला सांगताच येत नाही. पाच आठवडे झाले, आज जरा लिहिण्याइतकं मन थाऱ्यावर आलंय.

वामनराव कानेगावकर हे त्यांचं नाव, जिल्ह्याला ते तात्या म्हणूनच ठाऊक. सास्तूरच्या बाजूचं शेतकरी घर. शाळा निजामाच्या राजवटीत झाली, त्यामुळं पुढं वकील झाले, खासदार झाले, तरी टिपणं उर्दूतच काढायचे. त्यांच्या शेजारी बसून कागदात डोकावलं तरी काही उमगायचं नाही. मी एकदा विचारलं, तर मिस्कील हसून म्हणाले, "राजकारणात एवढी तरी सोय पाहिजे की, बाई!" मी तेव्हा बेंबळीच्या शाळेत नवी शिक्षिका होते, आणि ते माझ्या वडिलांच्या वयाचे, पण बाई म्हणूनच हाक मारायचे, तीही अगदी अदबीनं. दिल्लीचं अधिवेशन संपलं की गावोगाव हिंडायचं आणि आपण तिथं काय विचारलं, काय उत्तर मिळालं, काय मिळालं नाही, हे पारावर बसून सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. हार-नारळ नको म्हणायचे. ऐकायला कधी पाचपन्नास माणसं असायची, कधी सात-आठ.

ऐंशीच्या दशकात लागोपाठ दोन वर्षं पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या गावात बायकांनी नुकतीच एक दूध संस्था उभी केली होती. संस्थेत निम्म्याहून जास्त बायका भूमिहीन, बऱ्याचशा आमच्या बौद्ध वस्तीतल्या. जमीन नसली तरी एक म्हैस पाळता येते, दूध घालता येतं आणि चारचौघींत सभासद म्हणून मान मिळतो, हे त्या पहिल्यांदाच अनुभवत होत्या. आत्या त्यातलीच एक. सकाळी धार काढून ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. पण फेब्रुवारी लागला आणि चारा संपला. ज्यांच्याकडं जमीन, त्यांच्याकडं जुन्या कडब्याच्या गंजी तरी होत्या. आमच्या बायकांनी बांधावरचं वाळकं गवतसुद्धा खरडून आणलं. मग एकेक म्हैस बाजाराची वाट धरू लागली. म्हैस गेली की बाई संस्थेतून गेली, आणि ती पुन्हा येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

त्याच दिवसांत तात्या आले. आमच्या विहारासमोर बैठक बसली. बाहेरच्या राज्यात चारा मिळतोय, पण तो आणायला रेल्वेच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मिळत नाहीत, असं ते सांगत होते. मोठ्या लाइनच्या गाडीतून चारा कुर्डुवाडीला यायचा, तिथं उतरवून छोट्या गाडीत भरायचा आणि येडशीला आणायचा. आणि छोट्या लाइनला वाघिणी शिल्लक नाहीत असं रेल्वेचं म्हणणं होतं. "मी दिल्लीत हे मांडतो आहे," असं तात्या म्हणाले, आणि आत्या उभी राहिली.

"तुमी मांडता म्हणता, पर आमाला कसं कळावं? पेपरात तुमचं नावबी दिसत न्हाय. तिथं बोलता का झोपता, कुणी बघितलंय?"

सरपंच ओरडले, "ए गंगूबाई, खाली बस!" तात्यांनी हात वर केला. "बसवू नका त्यांना. बरोबर विचारतायत." मग आत्याकडं वळून म्हणाले, "चला माझ्यासंगं दिल्लीला. डोळ्यांनी बघा, अन् गावात येऊन जे खरं असंल ते सांगा."

"म्या? आन् म्हशीला कोन बघंल?"

सगळी बैठक हसली. तात्या मात्र हसले नाहीत. माझी आई म्हशीकडं बघेल असं ठरलं, हेडमास्तरांनी कुरकुरत मला रजा दिली आणि हिंदी बोलायला सोबत म्हणून मीही निघाले. सोलापूरहून रेल्वेत बसलो. आत्या त्याआधी कधी तुळजापूरच्या पुढं गेलेली नव्हती. दिल्लीत तात्यांच्या दोन खोल्यांच्या सरकारी फ्लॅटमध्ये तिनं पोचल्या पोचल्या पिठलं टाकलं, आणि तात्या जमिनीवर मांडी घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी संसदेत गेलो. दारावर तिची मिसरीची डबी काढून घेतली, त्यावरून तिनं शिपायाशी मराठीत चांगलंच भांडण केलं. वर सज्जात बसल्यावर मात्र ती पुढं वाकून खाली बघू लागली. खाली अर्धगोलात बाकं होती आणि मागच्या एका रांगेत तात्या. त्यांचा प्रश्न यादीत खाली होता. वरचे प्रश्न लांबत गेले, घड्याळ पुढं सरकत गेलं आणि प्रश्नांची वेळ संपली. तात्यांचा प्रश्न आलाच नाही. मग ते उभे राहिले. अध्यक्षांनी हातानंच बसा म्हणून खुणावलं. ते बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले. आजूबाजूला दहाजण ओरडत होते, त्यात त्यांचा आवाज आम्हाला ऐकूसुद्धा आला नाही. पुन्हा बसले, पुन्हा उठले... माझा जीव अर्धा झाला होता. एवढ्या लांबून आत्याला आणलं ते हे दाखवायला?

बाहेर आलो तर तात्या हिरवळीच्या कडेला चष्मा पुसत उभे होते. हातात एक छापील कागद होता, त्यांच्या प्रश्नाचं लेखी उत्तर. त्यात एवढंच होतं की वाघिणींची मागणी विचाराधीन आहे. आत्याच्या नजरेला नजर न देता ते म्हणाले, "आत्या, तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई मला आज."

आत्या म्हणाली, "चार बार उठलात. म्या बोटावर मोजलं. बसवनाऱ्याला काय वाटंना, आन् तुमी कशापायी मान खाली घालता?"

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "चला." तिथून आम्ही रेल्वेच्या कचेरीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी बैठकीत होते. आपण खासदार असल्याचं तात्यांनी एकदाच सांगितलं, नंतर बाकावर आमच्याशेजारी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी दार उघडलं. साहेब फाइल उघडून कुठला कागद कुठं अडकलाय ते इंग्रजीत सांगू लागले. तात्या ऐकत होते. आत्याला राहवलं नाही. आमच्या भागातली तिची बोली हिंदी तिनं काढली, "साब, हमारी भैंस कू तुमारा कागद समजता नै. उसकू भूक समजती." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब मात्र थांबले, तिचं सुकलेलं, उन्हानं काळवंडलेलं तोंड बघत राहिले, आणि मग त्यांनी फोन उचलला.

गावात परतल्यावर विहारासमोर पुन्हा बैठक झाली. आत्यानं काहीच वाढवून सांगितलं नाही. "तात्या तिथं बोललं न्हाईत. बोलू दिलं न्हाय. पर चार बार उठलं, आन् मंग तीन दिस साहेबाच्या दारात बसलं. म्या बघितलंय." एवढंच बोलून ती खाली बसली. तात्या मागं भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांच्या गौरवाची पुढं बरीच भाषणं मी ऐकली, पण ऐकताना त्यांचे डोळे भरलेले फक्त त्या दिवशी पाहिले.

महिन्याभरात येडशीला चारा उतरला. मागितला होता त्याहून बराच कमी. आणि खरी परीक्षा तिथून पुढं सुरू झाली. वाटप सहकारी सोसायट्यांमार्फत होणार होतं, आणि सोसायट्यांवर तात्यांच्याच पक्षाची मोठी माणसं होती. त्यांनी ठरवलं, ज्याची जितकी जमीन त्याला तितका चारा. म्हणजे आमच्या बायकांच्या वाट्याला काहीच नाही. तात्या तालुक्याच्या बैठकीत उठले. "जनावर बघून चारा द्या. जमीन चारा खात न्हाई." एक वजनदार संचालक हसून म्हणाले, "साहेब, पुढच्या निवडणुकीला जनावरं मतं देणार हायेत का?" तात्या म्हणाले, "न्हाई देणार. म्हणून तर त्यांच्या वतीनं कुणीतरी बोलावं लागतं." या वेळी त्यांना खाली बसवणारं कुणी नव्हतं, आणि होकार मिळेपर्यंत ते बसलेही नाहीत. दुसऱ्या आठवड्यात आमच्या वस्तीत बैलगाडीनं चारा आला. आत्याची म्हैस तगली, आईचीही तगली. त्या दुधावर माझी धाकटी बहीण नर्सिंगला गेली.

पुढच्या वेळी तात्यांना तिकीट मिळालं नाही. का, ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. यादी जाहीर झाली त्याच आठवड्यात ते एसटीनं एकटेच बेंबळीला आले. मला वाटलं मन मोकळं करायला आले असतील. तर म्हणाले, "शेवटच्या अधिवेशनाचं सांगायचं राहिलं होतं." नऊ माणसं होती ऐकायला.

त्यांचं सगळंच मला पटलं असं नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर ते फार काळ गप्प राहिले, आमच्या वस्तीला ते लागलं होतं. शेवटच्या भेटीत, ते अंथरुणाला खिळलेले असताना, मी धीर करून ते बोलले. तात्या म्हणाले, "तिथं मी उठायला पाहिजे होतं, बाई... तिथं कुणी बसवतसुद्धा नव्हतं मला." मला उगाच बोलल्यासारखं झालं. पण निघताना त्यांनीच माझा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." कबुली देताना कारण पुढं न करणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिली नाहीत.

परवा संध्याकाळी दूध संस्थेत गेले होते. आता तिथं पक्की इमारत आहे, फॅट मोजायचं यंत्र आहे, सेक्रेटरी संगणकावर बसतो. यंदाही पाऊस ओढ देतोय, म्हणून संस्थेनं पेंड वाटायला काढली होती. रांगेत आमच्या वस्तीतली एक नवी सून उभी होती, बिचकत, पदर सावरत. तिची पाळी आली तशी ती आधीच म्हणाली, "आमच्यात जमीन न्हाय, दादा." सेक्रेटरीनं गोंधळून वर पाहिलं. जमिनीचा इथं काय संबंध, ते त्या पोराला समजेना. "जमिनीचं कुणी इचारलंय, वहिनी? जनावरं किती ते सांगा." ती म्हणाली, "एक म्हैस, एक रेडकू." त्यानं दोन्ही लिहून घेतली आणि पुढच्या बाईला हाक मारली.