डाव्या मुठीखालचा खटका

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तात्या, माझे वडील, ऐकायच्या आतच गेले. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

भवानीनगरला आमच्या दारात एक जुनी परदेशी मोटारसायकल आहे. फोर-स्ट्रोक, एकच दांडगा सिलिंडर, माती-चिखलात पळवायलाच बनवलेली. लोणी देवकरला मशिनी बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना ती विकून गेला, तात्यांनी घेतली. आता पुण्याहून हौशी पोरं येतात, तिचा इतिहास विचारतात. मी रंगवून सांगतो — कॅनॉलच्या भरावावरून कशी उडायची, नांगरटीतून कशी निघायची. थू माझ्या जिभेवर!

तिची एक खोड आहे. डाव्या मुठीखालचा बारका खटका दाबून आधी किक हळूच खाली न्यायची, मग खटका सोडून जोरात मारायची. नाहीतर किक उलटी येते — पाय मोडेल अशी. इंजिनिअरनं हे फक्त मला दाखवलं होतं; गाडी मीच चालवायचो.

संपत माझा चुलतभाऊ, आमच्याच घरात वाढलेला. पोलीस भरतीसाठी रोज पळायचा. आदल्या वर्षी त्याच भरतीत मी नापास झालो होतो. तात्या चारचौघांत म्हणायचे, "घराचं नाव ह्योच काढणार." माझ्यादेखत! किती जळावं माणसानं?

भरतीच्या आदल्या आठवड्यात संपत गाडीवर बसला. "दादा, हिची काय युक्ती हाय का?"

मी हसलो — हो, हसलो. "युक्ती कसली? मार जोरात. पोलीस व्हायचंय न्हवं?"

किक उलटली. घोट्याचा आवाज मला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

बारामतीच्या दवाखान्यात मी तात्यांना सांगितलं, खटका दाब म्हणून बजावलं होतं, यानं ऐकलं नाही. संपत माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय तात्या. माजंच चुकलं."

का म्हणाला? संपत, मला शिव्या द्यायच्या होत्यास, थोबाडीत मारायची होतीस! त्या एका वाक्याचा मला आजही संताप येतो — आणि त्याच्यावर संतापायचा मला काय हक्क?

भरती हुकली. पुन्हा तो कधी पळाला नाही. पिंपळीला शेती करतो, उजवा पाय ओढत चालतो.

गेल्या रविवारी पुण्याचा एक पोरगा गाडीवर बसला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला, आधी खटका दाखवला. त्याचं नावही मला माहीत नव्हतं.