राखेनं तुंबलेली मोरी

१८ एप्रिल १९५७. मोरी तुंबली होती. ती दिवस मावळायच्या आत उघडायची होती, कारण सासूबाईंनी सकाळीच गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं.

कारंज्याच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा, आणि मळ्यातच तीन खणांचं घर. घरचे, म्हणजे माझे यजमान, पहाटे माल घेऊन बाजारात जात, ते दुपार कलल्यावर येत. घरात मी आणि सासूबाई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता; उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच त्यांना कळे. पण भांडी त्याच घासत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काळ्या दगडाची मोरी होती. चाळीस वर्षांच्या घासण्यानं दगडाला मध्ये खळगा पडला होता. उजव्या हाताला राखेची वाटी आणि घासायचा काथ्या, डाव्या हाताला पाण्याचा गुंड. त्यांनी घासलेल्या पितळेत पाहून मी कुंकू नीट लावून घ्यायची. खरकटं, राख, पाणी, सगळं भिंतीतल्या भोकातून बाहेर अळूच्या वाफ्यात जायचं. शितं कोंबड्या टिपायच्या.

मोरीत दोष नव्हता, भिंतीत होता. मातीची भिंत पाणी पिऊन पायाशी पुरणासारखी मऊ झाली होती आणि घुशींनी तिथून आत वाट काढली होती. त्याच सुमारास ज्या व्यापाऱ्याच्या घरी मी भाजी घालायची, तिथली मोरी पाहिली. गुळगुळीत शहाबादी फरशी, कोपऱ्यात वाटीएवढं भोक, खाली खापराचा नळ, तो जमिनीतून थेट लांबच्या खड्ड्यात. ना वास, ना माशी. मी ठरवलं, हीच करायची. घरच्यांनी नाही म्हटलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "जुन्या मोरीनं तुहं काय घोडं मारलं वं?" मी म्हटलं, भिंत पडेल.

मिस्त्रीनं दोन दिवसांत भिंतीचा पाया चुन्यानं बांधून नवी मोरी बसवली. जुना दगड उपटून विहिरीपाशी टाकला. जाताना म्हणाला, "वयनी, तुमच्या नातसुना घासतीन भांडे हिच्यावर, तरी हालनार नाई."

नवव्या दिवशी मोरी तुंबली. सासूबाई भांडी घासत होत्या, पाणी साचत गेलं, त्यांना कळलं नाही. ते फरशीच्या काठावरून चुलीत शिरलं आणि पुढे ज्वारीच्या पिठाखाली गेलं. मी मळ्यातून आले तर चूल विझलेली, पीठ ओलं, आणि त्या हातानं चाचपत भोक शोधत होत्या.

"पानी काहून उभं राह्यलं, पाह्य बरं," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा पाहून टाकत जा ना, आत्याबाई."

बोलल्यावर मला समजलं मी काय बोलले. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला, हात पुसले आणि भिंत धरून दाराबाहेरच्या ओट्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधलं. त्यांची लेक कामरगावला दिली होती.

"उद्याच्या मोटारीनं मले कामरगावले पोचवून द्या," त्या म्हणाल्या. "इथं मी आता कोन्या कामाची?"

"लेकीच्या घरी काय काम करान?"

"तिथं कोनी पाहून टाक म्हननार नाई."

मी पदर खोचला, लोखंडी सब्बल आणि फावडं घेतलं आणि मागच्या बाजूला गेले.

आधी बांबूची कामटी घातली, ती हातभर गेली आणि अडली. कढत पाणी ओतलं, ते तसंच वर आलं. मग नळ जिथे भिंतीबाहेर वळतो तिथली माती उकरली, सांधा फोडला. आत राखेचा गोळा होता, काथ्या आणि चिंचेच्या शिरा धरून दगडासारखा बसलेला. सब्बलीनं फोडावा लागला.

तेवढ्यात मिस्त्री आला. मीच निरोप धाडला होता. गोळा हातात घेऊन तो म्हणाला, "राख कायले टाकता नळात?"

"मग भांडे कायनं घासू? अत्तरानं?"

"त्या व्यापाऱ्याच्या घरी दहा वर्सं झाली मोरी लावून. कधी तुंबली नाई."

"त्यायचे भांडे मोरीवर घासतात काय?"

त्यानं गोळा खाली टाकला. "नाई. भांडेवाली मांगं अंगनात घासते, विहिरीजोळ. मोरीत निसतं हात-तोंडाचं पानी."

त्या घरी मी कितीदा गेले होते. मोरी डोळे भरून पाहिली. भांडी कुठे घासतात ते पाहिलं नाही. चूक तिथे झाली होती, आणि ऐकून घेतलं सासूबाईंनी.

मी स्वयंपाकघरात जाऊन फरशीपुढे बसले आणि डोळे मिटले. राखेला हात घातला, भांडं घासलं, भोक शोधलं. ते डावीकडे पार कोपऱ्यात होतं. जुन्या मोरीत पाणी उजवीकडे जायचं. चाळीस वर्षांचा हात उजवीकडे लोटतो, आणि फरशीला खळगा नाही, काठ नाही, हाताला काहीच सापडत नाही. मी डोळे उघडले आणि मिस्त्रीला म्हटलं, "फरशी काढा. जुना दगड आना."

"वयनी, माह्या कामाची इज्जत काढून राह्यल्या तुमी."

"भिंतीचं काम तुमचं पक्कं हाये. ते राहू द्या. खाली चुना भरा आन् वरतं दगड बसवा. पानी उजवीकडं गेलं पायजे, उघड्या पन्हाळीनं, अळवात."

"आन् हे नळ?"

"मिरच्यायले पानी न्याले."

विहिरीपासून दगड आम्ही दोघांनी ढकलत आणला. तो घसटत असल्याचा आवाज ओट्यावर पोचला असणार, कारण सासूबाईंनी मान वळवली. मिस्त्री मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "माय, तुमची सून माह्याच हातानं बांधते आन् माह्याच हातानं तोडते."

"माह्या लेकालेही तसंच करते," त्या म्हणाल्या.

दगड बसेपर्यंत मी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, खिळ्यानं त्याला भोकं पाडली आणि कडा दगडानं ठोकून बोथट केल्या, हाताला लागू नयेत म्हणून. भोकाच्या तोंडाशी ही जाळी बसवली. पाणी आणि राख बाहेर जाईल, शितं आणि साली जाळीवर राहतील, त्या उचलून म्हशीच्या घमेल्यात. घमेलं उजव्या हाताला, राखेच्या वाटीच्या पलीकडे. दोनदा डोळे मिटून सगळं सापडतं का ते पाहिलं. सापडलं. दोन तांबे पाणी ओतलं, ते सरळ अळवात गेलं.

घरचे आले, त्यांनी मोरी पाहिली, गाठोडं पाहिलं, आणि हातपाय धुवायला गेले. सासूबाई जेवल्या, पण स्वयंपाकघरात आल्या नाहीत. मीही बोलावलं नाही. बोलावलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि एकदा नाही म्हटलं की त्या मागे येत नसत.

मोटार आठला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरकटी भांडी मोरीवर नेऊन रचली, गुंड भरला, वाटीत चुलीतली ताजी राख घातली. मग ओट्यापाशी जाऊन म्हटलं, "आत्याबाई, मी वांगे तोडाले चालली. भांडे पडले हायेत." उत्तराची वाट न पाहता पाटी घेऊन निघाले. तिसऱ्या ओळीत पोचले तेव्हा घरातून पितळेवर काथ्या घासल्याचा आवाज आला. मी पाटी भरेपर्यंत वांगी तोडली, घरी आले आणि दाराशी ठेवलेल्या गाठोड्याची गाठ सोडून त्यांची लुगडी दांडीवर टाकली.