आई लगेच हो म्हणाली, मी नाही

आज सकाळी आईला बदलापूरला स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं. हल्ली ती गॅस बंद करायला विसरते. डॉक्टरांनी सांगितलेल्या पाच शब्दांपैकी तिला एकच आठवला.

विस्मरणाचा आजार लवकर कसा ओळखायचा, यावर तिथे संशोधन चालू आहे. "आजी, त्यात याल? तुम्हाला फायदा होईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या आईलाही असंच झालं होतं. आम्ही म्हातारचळ म्हणून सोडून दिलं. मी येईन," आई म्हणाली.

मग त्यांनी मला विचारलं, "ताई, हा आजार कधीकधी आईकडून मुलीकडे येतो. तुमचीही तपासणी करायची का? संशोधनाला मदत होईल."

"नंतर सांगते," म्हणून मी उठले.

अंबरनाथला घरी आलोय. आई शांत झोपलीय. मी मात्र डॉक्टरांना अजून काही कळवलेलं नाही.

माझ्या जागी तुम्ही असता, तर तपासणी केली असती का?