वाळ्याच्या वासाची गाडी

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी रस्त्याकडे पाहिलं की पुढे कुठेतरी पाणी साचल्यासारखं दिसतं. जवळ जावं तर ते आणखी पुढे सरकतं. दीक्षा तायडे लहानपणी वडिलांच्या एसटीत ड्रायव्हरमागच्या सीटवर बसायची आणि ते पाणी कधी गाठतो याची वाट पाहायची. आजही ती बोलता बोलता थांबते आणि रस्त्याकडे पाहत राहते. अशा वेळी तिला हाक मारायची नाही, हे मला शेजारी म्हणून ठाऊक झालं आहे.

तिची शेड आमच्या घरामागे, मूर्तिजापूर रस्त्याला लागून आहे. धारणीच्या घाटात बस चालवून निवृत्त झालेले तिचे वडील डोमाजी शेडच्या दारात खाट टाकून असतात. दीक्षानं अमरावतीत डिप्लोमा केला, पुण्याच्या एका गॅरेजमध्ये हे काम शिकली आणि परत आली. टर्बोच्या गाड्यांची ताकद वाढवून देणं, हे तिचं काम.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. साध्या चालीत एक भाग पेट्रोलला वजनानं साडेचौदा भाग हवा पुरते. टर्बो जोरात आला की मात्र पेट्रोलचा वाटा वाढवायचा, म्हणजे आतली आग जरा निवते. पेट्रोल कमी पडलं किंवा येणारी हवाच तापलेली असली, तर मिश्रण ठिणगीचं ऐकत नाही, आपल्या मनानं भडकतं. आत टकटक होते आणि पिस्टन वितळू शकतो. हे सगळं दीक्षा लॅपटॉपवर जुळवते. मला तिनं एकदा समजावलं होतं, की काका, इंजिन श्वास घेतं तसा त्याला घास द्यायचा, बस.

मोर्शीच्या नितेशची गाडी आली तेव्हा शेडला जेमतेम वर्ष झालं होतं. संत्र्याचा व्यापार करणारा हा तरुण हौशी. छोट्या गाडीला त्यानं मोठा टर्बो बसवून घेतला होता आणि रविवारी एका मोकळ्या धावपट्टीवर गाड्यांची स्पर्धा होती. अमरावतीचे त्याचे मित्र आपापल्या गाड्या घेऊन वाट पाहत होते. नितेशची गाडी टिकली तर ते दीक्षाकडे येणार, नाहीतर पुण्याला जाणार. इंजिन फुटलं असतं तर शेडचं शटर खाली आलं असतं, हे तीही जाणून होती.

गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून ताकद मोजतात. पुण्यात त्या वेळी गाडीसमोर साधे पंखे असत. इथे पंखा लावला तर तो भट्टीची हवा फेकतो. म्हणून दीक्षानं आपल्याकडे कोणीही करेल तेच केलं. घरचा मोठा लोखंडी कूलर ओढत आणला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकी भरली आणि त्याचं तोंड गाडीच्या बॉनेटकडे केलं. शेडमध्ये ओल्या वाळ्याचा गारवा पसरला. डोमाजी खाटेवर डोळे मिटून म्हणाले, की आता धारणीच्या जंगलात पहाट झाल्यासारखं वाटतं. लॅपटॉपवरची रेघ संथपणे चढत गेली. मिश्रण हवं तिथे, टकटक नाही, ताकद अपेक्षेपेक्षा जास्त. नितेशनं ताकदीचा तो आकडा लगेच मोर्शीला फोनवर कळवला.

निघायला म्हणून तो गाडीत बसला, काच खाली केली आणि हसला. "ताई, गाडीत अत्तर टाकलं काय वो? पूरा वाळ्याचा वास येऊन राहिला."

दीक्षाही हसली. मग तिचं हसू तसंच राहिलं आणि नजर रस्त्यावर गेली. तिथे ते पाणी चकाकत होतं. गाडीच्या आत वाळा होता, म्हणजे इंजिनाच्या छातीतही वाळाच होता. त्या रस्त्यावरची हवा इंजिनानं अजून घेतलीच नव्हती.

"भाऊ, गाडी बंद करा."

"काहून?"

"हा आकडा कूलरचा हाय. तुमच्या गाडीचा नाही."

खाटेवरून डोमाजी म्हणाले, "माह्या बसले कोणी कूलर लावला नाही कधी. बरं झालं."

तिनं कूलर बंद केला, शटर पूर्ण वर केलं आणि भर दुपारची हवा आत येऊ दिली. गाडी पुन्हा रोलरवर चढली. रेघ चढू लागली आणि अर्ध्यातच लॅपटॉपवर टकटकीचे लाल ठिपके उमटले. तिनं तत्काळ ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मग ठिणगी थोडी उशिरा पाडली, पेट्रोल थोडं वाढवलं, टर्बोचा दाब उतरवला. येणारी हवा जसजशी गार होईल, तसतसं इंजिनानं आपलं आपण मोकळं व्हावं आणि दाबलेली ताकद परत द्यावी, अशी जुळणीही करून ठेवली. दुपार कलली तेव्हा ठिपके गेले होते. ताकदही बरीच गेली होती.

नितेशचा चेहरा उतरला. पहिलाच आकडा ठेव, रविवारपुरता, म्हणून तो विनवत राहिला. तिनं मान हलवली.

"मोर्शीले आता मी काय सांगू?"

"सांगा, इंजिन अजून हाय म्हणून."

तो गाडी काढून निघून गेला. आता तो पुण्याला जाईल, असं तिनं मला सांगितलं आणि चहा तसाच ठेवला.

रविवारी तिचा फोन वाजला नाही. सोमवारी सकाळी वाजला. नितेश चिखलदऱ्याहून बोलत होता. स्पर्धा भर उन्हात झाली, तो मधल्याच कुठल्यातरी नंबरावर आला, दुसऱ्या दोघांची इंजिनं धावपट्टीवरच गेली. पण ते सांगायला त्यानं फोन केला नव्हता. पहाटे तो घाट चढला होता. हवा गार होती, काचा खाली होत्या, आणि गाडी जणू दुसऱ्याच कोणाची असावी अशी उचल घेत होती.

"ताई, काही केलं काय वो तुमी?"

"मी नाही," दीक्षा म्हणाली. "हवेनं केलं."

मग अमरावतीच्या दोन गाड्या कधी आणू, असं त्यानं विचारलं. तिनं संध्याकाळी कळवते म्हटलं आणि फोन ठेवून रस्त्याकडे पाहत राहिली.

कूलर अजून शेडमध्येच आहे. फक्त त्याचं तोंड आता डोमाजींच्या खाटेकडे असतं.